दोघांना भरती केलं

नोकरीतल्या बहुतेक प्रकरणांची माझ्या डोक्यात आता सरमिसळ झाली आहे. कुठल्या घरफोडीत कोण सापडला, कुणी किती दिवस हुलकावणी दिली, हे विचारलं तर मी चाचरतो. टौरंगा या बंदराच्या गावातल्या त्या शनिवार-रविवारचं मात्र तसं नाही. ती घटना आठवली की आजही मी मध्येच उठून येरझाऱ्या घालतो, आणि बायको विचारते, "पुन्हा ते का?"

मी मूळचा पुण्याचा. इंजिनिअर व्हायला न्यूझीलंडला आलो आणि पोलीस झालो. हे कसं काय झालं, याचं आमच्या नातेवाइकांना अजूनही कोडं आहे. निवृत्त झालो तेव्हा डिटेक्टिव्ह सार्जंट होतो आणि शेवटची काही वर्षं दहशतवादविरोधी तपासात होतो. या लेखात मी कुणाचं नाव लिहिणार नाही. ज्या संघटनेचा संबंध आला तिचंही नाही. फुकटची प्रसिद्धी मिळावी अशी तिची लायकी नाही.

त्या वर्षी आमच्याकडे एक धास्तावणारी माहिती होती. टौरंगाच्या आसपास किवीफळांच्या बागांत आणि पॅकिंगच्या शेडमध्ये हंगामी कामाला जी परदेशी मुलं येतात, त्यांच्यातून कुणीतरी बंदी असलेल्या एका संघटनेसाठी माणसं गोळा करत होतं. फोनवरच्या एका खाजगी ग्रुपमध्ये आधी नोकरीच्या, खोलीच्या, व्हिसाच्या गोष्टी चालायच्या. मग हळूहळू दुसरंच काही. ग्रुप चालवणारा कोण, हे कळत नव्हतं. तो काय घडवून आणणार आहे, हेही कळत नव्हतं. या कामातली खरी भीती हीच असते. चोरी झाल्यावर तुम्ही तपास करता. इथे मात्र काहीतरी होण्याआधी शोधायचं असतं, आणि उशीर झाला तर जे होतं ते पुसता येत नाही.

खबर आली ती एका घरभाड्याच्या एजंटबाईकडून. इथे भाड्याच्या घरांची दर काही महिन्यांनी तपासणी होते. ही बाई तशीच एका घरात गेली होती. चार भारतीय मुलं राहायची. तिघांच्या खोल्या घाईघाईने सोडल्यासारख्या पडल्या होत्या. ताटात अन्न तसंच, अंथरुणं विस्कटलेली, फोनचे चार्जर भिंतीत अडकवलेले. गॅरेजमध्ये पोती, सुऱ्या आणि कपाळाला बांधायचे दिवे होते. चौथा मुलगा मागच्या अंगणात फोनवर हमसून हमसून रडत बोलत होता. भाषा तिला कळली नाही, पण मधेमधे ‘बॅन’, ‘व्हिसा’, ‘पोलीस’ हे शब्द तिने ऐकले. तिने गाडीत बसून ठाण्याला फोन लावला.

एवढ्यावर आम्ही कुणाचं दार ठोठावत नाही. घाबरलेले शेजारी आणि घरमालक रोजच फोन करतात. पण त्या चौथ्या मुलाचा नंबर तपासला, तर तो त्या खाजगी ग्रुपच्या यादीत होता. मग झडतीचं वॉरंट मिळायला वेळ लागला नाही.

मुलगा वृद्धाश्रमात नर्स होता. वय तिशीच्या आत, अंगाने बारीक, गणवेशावर स्वेटर चढवलेला. आम्ही सहाजण दारात उभे पाहून त्याने एकही प्रश्न विचारला नाही. मला तेच खटकलं. निर्दोष माणूस आधी "काय झालं?" विचारतो, असा माझा इतक्या वर्षांचा अनुभव. याने वॉरंटची प्रत हातात घेतली, न वाचताच घडी करून खिशात ठेवली आणि फोनचा पासवर्ड सांगून टाकला.

फोनमध्ये बहिणीला पाठवलेला मराठी मेसेज होता. तो आजही मला पाठ आहे.

"बंदी आहे हे मला माहीत होतं, तरी मीच त्यांना घेऊन गेलो. आता दोघांना भरती केलं आहे. तिसऱ्याचंही बघतो. आईला सांगू नको."

मी तो वाचला आणि फोन तिथेच सील करायला लावला.

का, ते सांगायला कायदा थोडा सांगावा लागेल. न्यूझीलंडच्या दहशतवादविरोधी कायद्यात बंदी असलेल्या संघटनेत दुसऱ्याला सामील करून घेणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. बाँब फुटलाच पाहिजे असं नाही. संघटना कसली आहे हे माहीत असून तुम्ही माणूस भरती केला, की चौदा वर्षांपर्यंत कैद. म्हणजे सिद्ध करायच्या गोष्टी दोनच. एक, माहीत होतं. दुसरी, भरती केलं. आणि या मुलाने दोन्ही गोष्टी चार ओळींत, क्रमाने लिहून दिल्या होत्या. असा मेसेज तपास अधिकाऱ्याला नोकरीत एकदा मिळाला तरी खूप.

तरी मी एकट्याच्या वाचण्यावर भरवसा ठेवला नाही. मी मराठी असलो, तरी नियमाप्रमाणे भाषांतर स्वतंत्र दुभाष्याकडून व्हावं लागतं. ऑकलंडच्या दुभाषी बाईंना आम्ही व्हिडिओवर जोडून घेतलं. बाई मुंबईच्या, एरवी आयटीत नोकरी, कामाला एकदम काटेकोर.

त्याच फोनमध्ये आधीचा आणखी एक मेसेज होता, घरातल्या मुलांना पाठवलेला. "रात्री भरतीच्या आत परत यायचं." बाई थांबल्या. म्हणाल्या, "सर, ही भरती समुद्राची असू शकते. टाइड."

"मग दुसऱ्या मेसेजमधलीही तीच असेल का?" मी विचारलं.

"नाही हो. समुद्राला भरती येते. ‘दोघांना भरती केलं’ म्हणजे माणसंच. तिथे रिक्रूट हाच शब्द लागेल."

मलाही ते तंतोतंत पटलं. समुद्राची भरती कुणी ‘करत’ नाही. व्याकरणाने आम्ही दोघांनी मिळून तो प्रश्न निकालात काढला, आणि मला आठवतं, मला जरा बरंसुद्धा वाटलं. गोऱ्या सहकाऱ्यांना हा फरक कधी कळला नसता, असं मनात आलं.

नर्सला आम्ही अटक केली नव्हती. तो आपण होऊन ठाण्यात आला. मुलाखतीची खोली म्हणजे तीन खुर्च्या, एक टेबल, कोपऱ्यात कॅमेरा. मी त्याला मराठीत नेहमीचं सगळं सांगितलं. तुम्हाला अटक नाही, वकील बोलावू शकता, बोलायलाच हवं असं नाही, बोललात ते रेकॉर्ड होईल. तुमच्या फोनमधल्या मेसेजविषयी विचारायचंय. त्याने मान डोलावली. माझं बोलणं ऐकून विचारलं, "सर, तुम्ही पुण्याचे का?"

"हो."

त्यानंतर तो खुर्चीत सरळ बसला आणि पुस्तकात छापल्यासारखं मराठी बोलायला लागला. याकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

"बंदी आहे हे तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"हो सर. वाचलं होतं."

"तरी त्यांना घेऊन गेलात?"

"हो. ते तयार नव्हते. मीच म्हणालो, काही होत नाही."

"भरती कुणी केलं?"

"मीच केलं सर."

"किती जणांना?"

"दोघांना."

"कोणासाठी केलंत?"

तो गोंधळला. "कोणासाठी म्हणजे? त्यांच्यासाठीच. दुसरा मार्गच नव्हता."

"ते आता कुठे आहेत?"

"हॅमिल्टनला हलवलं."

"कुणी हलवलं?"

"त्यांनीच. मला म्हणाले, तू येऊ नको, आता इथे तुझं काही काम नाही. तिसरा मागून गेला, गाडी घेऊन." मग तो टेबलावर डोकं टेकवून रडायला लागला. "सर, माझी चूक आहे. मला काय शिक्षा द्यायची ती द्या. पण त्यांच्यातलं कुणी गेलं असेल तर मला सांगा."

मी आयुष्यात अनेक कबुल्या ऐकल्या आहेत. इतकी सरळ एकही नव्हती. शेजारच्या खोलीत बाईंचं भाषांतर ऐकत माझा बॉस बसला होता. त्याने काचेवर टकटक केली. तो त्याच किनाऱ्यावरचा माओरी माणूस, स्वभावाने थंड. मी त्याला घाईत बोलताना क्वचितच पाहिलं होतं. मी बाहेर आल्यावर तो इंग्रजीत एवढंच म्हणाला, "दोघं तयार आहेत आणि तिसरा गाडी घेऊन गेलाय. उद्या बंदरात जहाज आहे."

शनिवारी टौरंगाला मोठं प्रवासी जहाज लागणार होतं. हजारो माणसं उतरतात आणि अर्धं गाव ते बघायला जातं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

आत जाऊन बॉसने त्याला अटक केली आणि कारण इंग्रजीत स्पष्ट सांगितलं: बंदी असलेल्या दहशतवादी संघटनेसाठी माणसं भरती करणं. मुलाचे ओठ पांढरे पडले आणि तो खुर्चीवरून घसरला. शुद्धीवर आला तेव्हा सरकारी यादीतले वकील पोचले होते आणि त्यांनी कुठल्याही शहाण्या वकिलाने दिला असता तोच सल्ला दिला. यापुढे एक अक्षर बोलू नकोस. त्याने तो इतका पाळला की त्या वकिलाशीही बोलला नाही.

इथल्या कायद्यात एक खुबी आहे. दहशतवादाच्या अशा गुन्ह्यात आम्ही माणसाला पकडू शकतो, कोर्टापुढे उभा करून कोठडीही घेऊ शकतो. पण त्यापुढे खटला एक पाऊलही सरकत नाही, जोवर ॲटर्नी जनरलची संमती येत नाही. म्हणजे सरकारचा सगळ्यात वरचा विधी अधिकारी. पोलिसांनी कितीही पाय आपटले तरी त्या सहीशिवाय खटला नाही. तरुण अधिकाऱ्यांना ही कटकट वाटते. मलाही वाटायची. आम्ही कागद तयार करून राजधानीला पाठवले आणि त्या तिघांना शोधायला लागलो.

भाडेकरारावरून त्यांची नावं मिळाली. तिघांचे फोन बंद. गाडी हॅमिल्टनच्या रस्त्याला लागलेली एका कॅमेऱ्यात दिसली, पुढे तिचा पत्ता नाही. विमानतळ, बसचे थांबे, मोटेल, हार्डवेअरची दुकानं, सगळीकडे त्यांचे फोटो गेले. फरारी माणूस लपेल अशी एकूण एक जागा आम्ही तपासली.

शनिवारी सकाळी मुलीचा फोन आला. ती टौरंगातच राहते, इथेच वाढलेली. मी मराठीत बोलतो, ती इंग्रजीत उत्तर देते, असं आमचं वर्षानुवर्षं चाललं आहे.

"बाबा, वी आर टेकिंग द किड्स टु सी द शिप. यू विल बी ॲट द पोर्ट, राइट? से हाय!"

मी काय सांगणार होतो? तिला एकटीला येऊ नकोस म्हणायचं आणि बाकीच्यांच्या पोरांना येऊ द्यायचं? एक शब्द बाहेर फुटला असता तर बंदरावर चेंगराचेंगरी झाली असती, आणि ते तिघं सावध झाले असते. मी म्हणालो, "मुलांना स्वेटर घाल." फोन ठेवला. छत्तीस प्रकारच्या गुन्हेगारांसमोर बसलेला माणूस मी. त्या दिवशी पोटच्या मुलीला एवढंच सांगू शकलो.

दिवसभर बंदरावर साध्या कपड्यात उभा होतो. पाठीला पिशवी असलेला प्रत्येक सावळा पोरगा मला त्या तिघांतला वाटत होता. एक मुलगा कमरेला हात घालून काहीतरी काढत होता. मी त्याच्यावर जवळजवळ झडप घातली. त्याने चष्म्याचं पाकीट काढलं. लांबून मला माझी दोन्ही नातवंडं दिसली, आईस्क्रीम खात, जहाजाकडे बोट दाखवत. मी तोंड फिरवून गर्दीत शिरलो, कारण त्यांनी मला हाक मारली असती तर मी त्यांना उचलून पळत सुटलो असतो.

जहाज गेलं. काही झालं नाही. पण भीती कमी व्हायच्या ऐवजी वाढली. इथे नाही, तर मग कुठे?

रविवारी ॲटर्नी जनरलच्या कार्यालयातून एका वकीलबाईंचा फोन आला. त्यांनी सगळे कागद वाचले होते, मुलाखत पाहिली होती. आवाज शांत.

"तुमच्या फाइलमध्ये भरती करणारा आहे," त्या म्हणाल्या. "भरती झालेले कुठे आहेत?"

"शोधतोय, मॅडम."

"ते शोधताय, हे मला माहीत आहे. मी वेगळं विचारतेय. ती दोन माणसं या संघटनेत सामील झाली, याचा त्याच्या शब्दांपलीकडे एक तरी पुरावा आहे का? त्याने त्यांना काय सांगितलं? कशात घेतलं? संपूर्ण मुलाखतीत संघटना हा शब्द ना तुम्ही उच्चारलात, ना त्याने."

मी उसळून म्हणालो, की तिघं मोकाट आहेत, माणसं मरतील, आणि तुम्ही शब्द मोजत बसला आहात. त्या जराही चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही त्यांना शोधाच. तुम्हाला कुणी अडवलेलं नाही. पण या माणसाला चौदा वर्षांच्या गुन्ह्यात उभं करायची संमती मागताना मी एवढंच सांगू का, की त्याने लिहिलं म्हणून?"

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ धुसफुसत बसलो. राजधानीत बसून बोलायला यांचं काय जातं, असं मोठ्याने म्हणालोही. पण प्रश्न डोक्यातून जाईना. संघटना हा शब्द खरंच आला नव्हता. मग मी बॉसला म्हणालो, मेसेज ज्या बहिणीला गेला तिला विचारू. वरून परवानगी घेतली, दुभाषी बाईंना जोडलं, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि यवतमाळला फोन लावला.

मी नाव सांगून म्हणालो, "न्यूझीलंडहून बोलतोय. तुमच्या भावाबद्दल थोडं..."

पुढचं तिने बोलूच दिलं नाही.

"तुम्ही दवाखान्यातून बोलून राहिले का जी? त्याचा फोन दोन दिवसांपासून लागूनच नाही राहिला. ते पोट्टे कसे आहेत? कोणत्या दवाखान्यात भरती आहेत, ते तरी सांगा. श्वास घेऊन राहिले का आता? वाचतील ना जी ते?"

व्हिडिओवर बाईंनी तोंडावर हात ठेवलेला मला दिसला. भाषांतर करायचं कुणाला सुचेना. बॉस आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहत, "काय? काय म्हणाली ती?" असं विचारत राहिला.

आमच्या पुण्या-मुंबईत माणूस दवाखान्यात ‘ॲडमिट’ होतो, फार तर ‘दाखल’ होतो. विदर्भात तो भरती होतो. हिंदीतला हा अर्थ मला माहीत होता, बाईंनाही होता. पण समोर मराठी आहे म्हटल्यावर आमचे दोघांचेही कान पुण्या-मुंबईचेच राहिले. आणि तो मुलगा, पुण्याच्या साहेबासमोर आपली बोली नको म्हणून, एक एक शब्द घासूनपुसून बोलला होता. त्याने तोंडातून ‘का’च्या जागी एक ‘काहून’ जरी निसटू दिला असता तरी मी कदाचित थांबलो असतो.

"ताई," मी विचारलं, "बंदी कशावर होती?"

"ते शिंपले नाही का जी, समुद्रातले. काढू नका म्हणून पाटी लावली होती म्हणे, विषारी झाले म्हणून. हा मोठा शहाणा. यानं समुद्र पाहिला तोच तिकडं येऊन. पोट्ट्यांना म्हणाला चला, काही होत नाही. स्वतः ड्युटीवर गेला, म्हणून खाल्ले नाही. घरी येऊन पाहते तर दोघांचे हातपाय लुळे; तिसऱ्यानं कमी खाल्ले, म्हणून तो उभा होता. यानंच ॲम्ब्युलन्स बोलावली. रडून रडून सांगत होता मला. त्याचं लायसन्स जाईल का जी?"

मी बॉसला इंग्रजीत सांगितलं. तो म्हणाला, "सगळ्या किनाऱ्यावर पाट्या आहेत. माझी मावशी तीन आठवडे पिपी काढायला गेली नाहीये." पिपी म्हणजे इथले शिंपले, कोकणातल्या तिसऱ्यांसारखे. त्याने फोन उचलून हॅमिल्टनच्या इस्पितळात विचारलं. दोघं अतिदक्षता विभागात होते, श्वासाच्या नळ्या लावलेले. तिसरा बाहेरच्या बाकावर बसला होता. फोनची बॅटरी संपली होती आणि चार्जर टौरंगाला भिंतीत राहिला होता. पळालेल्या माणसाला कुणी इस्पितळात शोधत नाही. आम्हीही शोधलं नव्हतं.

गॅरेजमधल्या पोत्यांचा, सुऱ्यांचा आणि दिव्यांचा उलगडा वेगळा करायला नको. आणि तो ग्रुप? चालवणाऱ्याने कामगारांचे शेकडो नंबर न विचारता आत ओढले होते. नर्सने तो एकदाही उघडला नव्हता.

संमतीचा प्रश्नच उरला नाही. सोमवारी आरोप मागे घेतला. बॉसने स्वतः कोठडीत जाऊन त्याची माफी मागितली. मी त्याला माझ्या गाडीतून हॅमिल्टनला नेलं. कैमाईचा घाट संपेपर्यंत तो खिडकीबाहेर बघत होता. मग एकदम म्हणाला, "सर, तुम्ही इचारत होते आन मी हो म्हणत होतो. मी काहून हो म्हणत होतो?"

"तुम्हाला वाटलं मी शिंपल्यांचं विचारतोय."

"पण समजा ताईचा फोन लागला नसता तर?"

मी गाडी चालवत राहिलो. याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते त्याला सांगण्यासारखं नव्हतं.

इस्पितळात त्याला आत सोडलं. काचेतून मला दिसलं, एकाच्या नळ्या निघाल्या होत्या. दुसऱ्याने अंथरुणावरून बोटं हलवली. आमचा नर्स त्याचा तळवा दोन्ही हातांत धरून उभा राहिला. पुढे दोघेही चालत घरी गेले. नर्सचं लायसन्सही राहिलं.

आता लोक विचारतात, या प्रकरणाने काय शिकवलं? मराठीच्या बोली शिका, असं मी म्हणेन अशी त्यांची अपेक्षा असते. ते ठीकच आहे. पण खरं सांगायचं तर उद्या तोच मेसेज, तीच मुलाखत पुन्हा माझ्यासमोर आली, तर मी त्या माणसाला पुन्हा पकडीन. बंदरावर पोरं उभी असताना मी शब्दकोश उघडत बसणार नाही. भीतीने माणूस पकडणं हे पोलिसांचं काम आहे. म्हणूनच खटला भरायचा की नाही, हे ठरवणारा माणूस त्या भीतीपासून लांब बसलेला हवा. त्या वकीलबाईंच्या घरचं कुणी जहाज बघायला गेलेलं नव्हतं, म्हणून त्यांना साधा प्रश्न विचारता आला. तेव्हा त्यांचा मला राग आला होता. आज वाटतं, ती एक सही अडली नसती तर मी त्या पोराची चौदा वर्षं अगदी स्वच्छ मनाने खाल्ली असती.

दुसरी गोष्ट मी फारशी कुणाला सांगत नाही. अटकेची कुणकुण बाहेर गेली त्याच दिवशी तो ग्रुप बंद झाला. आम्ही शिंपल्यांमागे धावत होतो तेव्हा खरा माणूस दार लावून निघून गेला. तो आजवर सापडलेला नाही. निवृत्तीनंतरही कुठे गर्दीत उभा राहिलो की मी लोकांच्या हातांकडे बघतो.

मागच्या वर्षी ऑकलंडला अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारात मेथी घेत होतो. दोन टपऱ्या सोडून नर्स दिसला. कानाला फोन होता, चेहरा उतरलेला. गावाकडे आईला काहीतरी झालं असावं. तो वऱ्हाडीत भराभरा बोलत होता, "ताई, तू थांबू नको, डॉक्टरले घरी काहून बोलावून राहिली, तिले लगेच भर..."

तेवढ्यात त्याची नजर माझ्यावर पडली. तो थांबला. मी हसून हात वर केला. त्याने ओळख दाखवली नाही. पाठ फिरवून, आवाज खाली घेऊन, तो बहिणीला म्हणाला, "आईला ॲडमिट कर."

पलीकडून तिने पुन्हा विचारलं असावं, कारण त्याने तो शब्द आणखी एकदा सांगितला, सावकाश, एक एक अक्षर सुटं करून.